मुक्या अक्षरांचं गोत

श्रावणात शिवलीलामृताचा अकरावा अध्याय घरोघरी वाचला जातो. वाचणाऱ्याला त्यातला प्रत्येक शब्द कळतो असं नाही, आणि कळलाच पाहिजे अशी अटही नसते. चौथीतली नात आजीशेजारी मांडी घालून ओवीमागून ओवी खणखणीत म्हणत जाते. मधेच थांबवून एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, तर खांदे उडवते आणि पुढची ओवी सुरू करते. देवनागरीने दिलेली ही मोठी सवलत आहे. अक्षर दिसलं की तोंड उघडायचं. अर्थ मागून आला तरी चालतो, नाही आला तरी पुण्य पदरात पडतंच.

इंग्रजी ही सवलत देत नाही. एल-ई-ए-डी ही अक्षरं समोर आली, तर विषय जुन्या नळांतल्या शिशाचा आहे की मोर्चाच्या नेतृत्वाचा, हे कळेपर्यंत ‘लेड’ म्हणावं की ‘लीड’ ते ठरत नाही. टी-ई-ए-आरमध्ये अश्रू असेल तर ‘टिअर’, फाटणं असेल तर ‘टेअर’. एस-एल-ओ-यू-जी-एच हा तर त्याहून वरचढ. दलदल असेल तर ब्रिटिश माणूस ‘स्लाउ’ म्हणतो, अमेरिकन बहुधा ‘स्लू’, आणि सापाने टाकलेली कात असेल तर दोघंही ‘स्लफ’. लंडनच्या पश्चिमेला याच स्पेलिंगचं शहर आहे, त्याचा उच्चार ‘स्लाउ’. इथे आधी समजायचं आणि मग बोलायचं. पोथीच्या बरोबर उलट.

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. या कामात अवघड शब्दाची भीती वाटत नाही. तो दिसताच हात आपोआप कोशाकडे जातो. भीती असते ती ओळखीचा चेहरा लावून आलेल्या शब्दाची. डोळा त्याची पहिली दोन-तीन अक्षरं बघतो, मधलं मनाने भरून घेतो आणि पुढे निघून जातो. औषधांच्या माहितीपत्रकात ‘प्रॉस्टेट’ येतो, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. त्यात एक आर जादा पडला की ‘प्रॉस्ट्रेट’ होतो, म्हणजे साष्टांग लोटांगण घातलेला. पन्नाशीनंतर साष्टांग नमस्काराची तपासणी करून घ्यावी, असा सल्ला छापून जायला तेवढा एक आर पुरे. आणि तो इंग्रजांच्या लेखणीतूनही सर्रास निसटतो. मुळात हे दोन शब्द एकमेकांच्या उलट आहेत. ग्रीकमध्ये ‘प्रोस्टाटेस’ म्हणजे पुढे उभा राहणारा, रक्षक. ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी उभी, म्हणून तिला ते नाव. दुसरा लॅटिनमधून आलेला, जमिनीवर पालथा पडलेला. एका आरने उभ्याला आडवं केलं.

न्यायालयीन आणि राजकीय मजकुरात असाच एक जोड भेटतो, ‘व्हीनल’ आणि ‘व्हीनिअल’. लिहिताना दोघांत फरक एका आयचा. पहिल्याच्या मुळाशी लॅटिनमधली विक्री आहे. व्हीनल अधिकारी म्हणजे पैसे मोजले की विकत मिळणारा. दुसऱ्याच्या मुळाशी क्षमा आहे. व्हीनिअल म्हणजे पोटात घालण्याजोगा. कॅथलिक धर्मशास्त्रात पापांचे दोन वर्ग करतात, आत्म्याचा घात करणारी आणि क्षम्य. ही क्षम्य पापं म्हणजे व्हीनिअल. भाषांतरात हा आय नजरेतून सुटला, तर लाचखाऊ साहेबाला परस्पर माफी मिळून जाते. ‘कॅव्हलरी’ आणि ‘कॅल्व्हरी’ यांच्यात तर अक्षरं तीच, नुसत्या एलने जागा बदललेली. पहिलं घोडदळ, दुसरी येशूला क्रुसावर चढवलं ती टेकडी. एकाच्या पोटात लॅटिन घोडा, दुसऱ्याच्या पोटात लॅटिन कवटी.

पण या सगळ्यांत मला लळा लागला तो एका तिकडीचा. व्ही-आय-एस-सी-ओ-यू-एस, व्ही-आय-सी-आय-ओ-यू-एस आणि व्ही-आय-एस-सी-ओ-यू-एन-टी. पहिला ‘व्हिस्कस’, दुसरा ‘व्हिशस’, तिसरा ‘व्हायकाउंट’. तिघे शेजारी शेजारी लिहिले तर सख्खे भाऊ वाटतात. प्रत्यक्षात तिघांची घरं तीन.

व्हिस्कस म्हणजे मधासारखा, एरंडेलासारखा दाट आणि चिकट. लॅटिन ‘व्हिस्कम’ ही बांडगुळाच्या जातीची वनस्पती. तिच्या पांढुरक्या फळांत बोटाला चिकटून तार धरणारा गर असतो. युरोपातले पारधी तो फांद्यांना फासून पाखरं पकडत. आज भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तेलाची धार मोजताना जो शब्द वापरतात, त्यात त्या फांदीवर अडकलेल्या पाखराची तडफड आहे. व्हिशस म्हणजे दुष्ट, दंश करणारा. तो लॅटिनमधल्या ‘दोष’ या अर्थाच्या शब्दावरून आला, आणि दुर्गुण या अर्थाचा ‘व्हाइस’ त्याच घरातला. व्हायकाउंट हा सरदारीचा किताब. लॅटिनमधला ‘व्हाइस’ म्हणजे ‘च्या जागी’, ‘च्या वतीने’, आणि पुढचा ‘काउंट’, म्हणजे मूळचा राजाचा सोबती. थोडक्यात, काउंटचा मुतालिक. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दात एस होता. पुढे फ्रेंचांनी तो काढून टाकला, इंग्रजांनी लिहिण्यापुरता ठेवला आणि बोलताना गिळला.

हाच ‘च्या वतीने’वाला व्हाइस आपल्या इतिहासात ठळकपणे बसलेला आहे, व्हाइसरॉय म्हणून. १९४६ साली माउंटबॅटन यांना व्हायकाउंट हा किताब मिळाला आणि १९४७ साली ते व्हाइसरॉय होऊन दिल्लीत आले. त्यांच्या पदात आणि किताबात एकच लॅटिन शब्द दोन वेशांत उभा होता, एकीकडे सी बोलका, दुसरीकडे एस मुका. आणि आयटीआयमधल्या फिटरच्या टेबलावर लोखंड घट्ट धरणारा व्हाइस असतो, तो यांपैकी कुणाचाच नातेवाईक नाही. त्याचं मूळ द्राक्षवेलीच्या लॅटिन नावात आहे. वेलीचा ताणा जसा वेटोळे घेत जातो, तसा स्क्रूचा आटा.

हे कळल्यावर या तिघांची गल्लत माझ्याकडून होणंच शक्य राहिलं नाही. पाठ करून जे जमत नाही, ते ओळख झाल्यावर आपोआप जमतं. आपल्याकडे नवा माणूस भेटला की आडनाव काय, मूळ गाव कोणतं, ही चौकशी आधी होते. शहरातल्या लोकांना हा भोचकपणा वाटतो. इंग्रजी शब्दांच्या बाबतीत मात्र याच चौकशीवाचून गाडं पुढे सरकत नाही.

इंग्रजीवर ही पाळी आली ती काळाची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरल्यामुळे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना थाटला. छापखाना आला की स्पेलिंगं हळूहळू एका जागी बसू लागतात. नेमक्या त्याच काळात लोकांच्या तोंडातले दीर्घ स्वर जागा सोडून चालले होते. साधारण १४०० ते १७०० या तीन शतकांत ती उलथापालथ झाली. कागदावर अक्षरं थिजली आणि बोलणं पुढे निघून गेलं. कॅक्स्टन ब्रूजला बरीच वर्षं राहून आलेला. भुताच्या ‘गोस्ट’ या शब्दात जीनंतर जो एच बसलाय, तो फ्लेमिश वळणाचा. खिळे जुळवणाऱ्यांच्या हातून आत शिरला, तो पाच शतकं झाली तरी बाहेर पडलेला नाही.

त्यात विद्वानांनी भर घातली. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. लॅटिनमध्ये ‘डेबिटम’ आहे हे दाखवण्यासाठी पंडितांनी बी घुसवला. लोक म्हणाले, लिहू तुमच्यासाठी, पण बोलणार नाही. आरोप ठेवणं या अर्थाचा ‘इंडाइट’ तसाच. त्यातला सी लॅटिनच्या मानासाठी. म्हणून वर्तमानपत्र वाचणारा आपला माणूस बिचारा ‘इंडिक्ट’ म्हणतो. त्याच उच्चाराचा दुसरा ‘इंडाइट’ आहे, सीवाचून लिहिलेला, अर्थ काव्य किंवा पत्र रचणं. दोघांचं मूळ एकच. एक कोर्टात गेला आणि सी लावून आला. आणि ‘आयलंड’मधला एस तर चक्क खोट्या वंशावळीचा. मूळ शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला, त्याचा लॅटिन ‘इन्सुला’शी काही संबंध नाही. पण शेजारच्या ‘आइल’ या फ्रेंच वाटेने आलेल्या शब्दात एस होता, म्हणून यालाही चिकटवला. खानदानी दिसण्यासाठी वंशावळ रचून घेणारी घराणी आपल्याकडे काही कमी नाहीत, तेव्हा याचं नवल वाटू नये.

या गोंधळावर सगळ्यांत गाजलेला विनोद म्हणजे जी-एच-ओ-टी-आय. ‘इनफ’मधला जीएच घ्या, ‘विमेन’मधला ओ घ्या, ‘नेशन’मधला टीआय घ्या, झाला ‘फिश’. हा विनोद बर्नार्ड शॉच्या नावावर खपतो. शॉ इंग्रजी स्पेलिंगचा हाडवैरी होता. नव्या वर्णमालेसाठी त्याने मृत्युपत्रात पैसे ठेवले आणि त्या लिपीत त्याचं ‘अँड्रोक्लीज अँड द लायन’ हे नाटक १९६२ साली छापलंही गेलं. पण हा विनोद १८५५ सालच्या एका पत्रात सापडतो, आणि शॉ जन्मला १८५६ साली. शिवाय तो विनोद टिकतही नाही. शब्दाच्या सुरुवातीला जीएचचा उच्चार ‘फ’ कधीच होत नाही, आणि टीआयचा ‘श’ व्हायला पुढे आणखी अक्षरं लागतात. थोडक्यात, अंदाधुंदी दिसते त्याखाली घरचे रीतिरिवाज आहेत. ते बाहेरून दिसत नाहीत, एवढंच.

या जीएचची हकिकत मात्र आपण कान देऊन ऐकण्यासारखी आहे. ‘नाइट’, ‘डॉटर’, ‘एट’, ‘लाइट’ यांत तो मुका बसलेला असतो आणि मुलं विचारतात, बोलायचा नाही तर लिहायचा कशाला? एके काळी तो बोलत होता, घशातून, आपल्या ‘ख’च्या जवळ जाणारा. स्कॉटलंडच्या बोलीत रात्रीला अजून ‘निख्ट’ म्हणतात. तो घशातला आवाज त्याहून मागे कुठून आला, ते बघायला आपल्याला लांब जायला नको. श्रावणी सोमवारी दिवसभर उपास करून रात्री जेवायचं, त्याला नक्त म्हणतात. ‘नक्त’ म्हणजे रात्र. ‘नाइट’ आणि ‘नक्त’ एकाच पूर्वजाचे. डॉटर म्हणजे दुहिता. तिथला मुका जीएच आणि इथला बोलका ‘ह’ एकमेकांना ओळखतात. हलका या अर्थाचा ‘लाइट’ आणि आपला ‘लघु’ हेही तसेच, इंग्रजांनी गिळलेला आवाज आपण ‘घ’मध्ये रोज उच्चारतो. ‘नो’ म्हणजे जाणणं, त्याच्या सुरुवातीचा मुका के म्हणजे ‘ज्ञा’मधला ज. अर्थात तिथे आपणही साळसूद नाही. लिहितो ज आणि ञ, म्हणतो ‘द्न्य’.

शब्द भाषेत दोन वाटांनी येतात, कानाने आणि डोळ्याने. कानाने आलेले शब्द मराठीने बिनचूक घेतले, निदान आपल्या सोयीने तरी घेतले. सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल हे स्पेलिंग बघून कुणी ‘कोलोनेल’ म्हणेल. इटालियनमध्ये तो शब्द खांबावरून आला, फ्रेंचमध्ये त्यातल्या एका एलचा आर झाला, इंग्रजांनी स्पेलिंग एकाचं आणि उच्चार दुसऱ्याचा उचलला. आपल्याला त्याचं काहीच नाही. आपल्या शिपायाने तो शब्द कवायतीच्या मैदानावर ऐकला आणि ‘कर्नल’ असा घरी आणला. १७७९ साली वडगावच्या मोहिमेत पडलेला कॅप्टन स्ट्युअर्ट मराठ्यांच्या कानाने ‘इष्टुर’ झाला, आणि शत्रू असून त्याच्या शौर्याला ‘फाकडा’ ही पदवीही मिळाली. बुगेनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या नावाची फुलवेल आपण ‘बोगनवेल’ करून टाकली आणि शेवटच्या अक्षरांना अस्सल मराठी अर्थ दिला.

डोळ्याने आलेल्या शब्दांचं दुखणं वेगळं. एका मुलाखतीच्या मंडळावर मी बसलो होतो. तालुक्याच्या कॉलेजातला मुलगा समोर आला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्रमाणपत्रांची प्लास्टिकची फाइल. त्याने सांगितलं, तीन वर्षं ‘नॅशनल कॅडेट कॉर्प्स’मध्ये होतो. मंडळातले एक गृहस्थ खो खो हसले. म्हणाले, ‘अरे, कॉर्प्स म्हणजे प्रेत! तू काय प्रेतांच्या पलटणीत होतास?’ मुलाने फाइल बंद केली, पुन्हा उघडली. पुढच्या प्रश्नांना त्याने ‘हो सर’, ‘नाही सर’ यापलीकडे उत्तर दिलं नाही.

सी-ओ-आर-पी-एसचा उच्चार ‘कोअर’, हे खरं. पी आणि एस दोन्ही मुके, फ्रेंच रिवाजाने. शेवटी ई लागला की ‘कॉर्प्स’, प्रेत. पण दोन्ही शब्द एकाच लॅटिन देहाचे. एकाचा जिवंत सैनिकांचा समूह झाला, दुसरा मेलेला देह राहिला. प्रेतातला पीसुद्धा मुळात बोलका नव्हता. लॅटिनच्या आदरापोटी तो लिहिण्यात आला, काही काळ मुकाच होता, आणि पुढे खुद्द इंग्रज लोक लिहिलंय तसं वाचू लागले म्हणून बोलका झाला. म्हणजे त्या मुलाने पलटणीच्या बाबतीत जे केलं, तेच इंग्रजांनी प्रेताच्या बाबतीत केलं होतं. इंग्रजांनी केल्यावर त्याला भाषेचा प्रवाह म्हणतात. २०१० साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा एका भाषणात नौदलाच्या ‘कोअरमन’ला ‘कॉर्प्समन’ म्हणाले, तेही एकाहून जास्त वेळा. त्यांची मातृभाषा इंग्रजी, शिक्षण हार्वर्डचं.

आपण मात्र ऐटीत सांगतो, आमचं तसं नाही, मराठीत जसं लिहितो तसं बोलतो. हे अर्धंच खरं. ‘चार गुरं’ आणि ‘गुरं चार’ हे एखाद्या परक्याकडून वाचून घ्या. पहिला चार आकड्यातला, दुसरा चाऱ्याचा. अक्षर तेच, जीभ लागते ती दोन जागी, आणि कुठे कोणती लावायची ते अर्थ कळल्याशिवाय ठरत नाही. ‘जरा थांब’मधला ज आणि ‘जरामरण’मधला ज यांचंही तेच. आपल्याला हे अडत नाही, कारण आपण या घरात वाढलो.

मुकी अक्षरंही आपल्याकडे होती. जुनी पुस्तकं उघडा, ‘नांव’, ‘पांच’, ‘दांत’, ‘कांटा’ असे टिंबांनी भरलेले शब्द दिसतील. बहुतेक मराठी तोंडांतून ते अनुस्वार कधीच गळून पडले होते, पण लेखणी ते जपत होती, कारण ते शब्दांचं गोत सांगत. पाचमध्ये पञ्च आहे, दातात दंत आहे, काट्यात कंटक आहे. माणसाचं नांव आणि नदीतली नाव यांना वेगळं ठेवणारा एक ठिपका होता, आणि तो ऐकू येत नव्हता. इंग्रजीतल्या मुक्या बीपेक्षा त्याचं काम वेगळं नव्हतं. १९६२ साली नवे शुद्धलेखनाचे नियम आले आणि हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. गोव्यात कोंकणी माणूस आजही ‘नांव’ नाकातून म्हणतो आणि तसंच लिहितो. स्कॉटलंडातल्या त्या ‘निख्ट’सारखंच हे. मुलांचे टिंबांपायी कापले जाणारे गुण वाचले, हे उत्तमच झालं. मी तो निर्णय बदला असं कधी म्हणणार नाही. पण काय गेलं त्याची नोंद असावी. आपण सोय घेतली आणि कागदपत्रं दिली. इंग्रजीने कागदपत्रं सांभाळली आणि गैरसोय सोसली.

ही कागदपत्रं कशी वाचायची, ते अमेरिकेतल्या स्पेलिंग बीमध्ये बघावं. १९२५ पासून चालत आलेली ही स्पर्धा गेली काही दशकं भारतीय वंशाच्या मुलांनी गाजवली आहे. २०१९ साली तर आठ संयुक्त विजेत्यांपैकी सात जण भारतीय वंशाचे होते. माईकसमोर उभा राहिलेला पोरगा शब्द ऐकताच धडाधड अक्षरं सांगत सुटत नाही. तो विचारतो: याचा अर्थ काय? कोणत्या भाषेतून आला? वाक्यात वापरून दाखवाल का? ग्रीक म्हटलं की ‘फ’साठी पीएच लिहायचा, फ्रेंच म्हटलं की शेवटी न बोलणारी अक्षरं धरायची, जर्मन म्हटलं की ‘श’साठी एससीएच. त्या वर्षी शेवटच्या फेरीतल्या शब्दांत आपली बोगनवेलही होती, फ्रेंच इतमामासकट. विजेती मुलंदेखील शब्दाला त्याचं गाव विचारतात, आणि विचारल्याबद्दल त्यांना कुणी हसत नाही. तो त्यांचा हक्क नियमातच लिहिलेला आहे.

तोच हक्क पुस्तकातून इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाला हवा. ज्याने शब्द आधी वाचला आणि कुणाच्या तोंडून ऐकला नाही, तो लिहिलंय तसंच म्हणणार. त्याच्या घरात इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं, एवढंच त्या उच्चारावरून सिद्ध होतं. तो शब्द त्याने कुठेतरी एकट्याने वाचला आणि लक्षात ठेवला, हेही सिद्ध होतं. पण मुलाखतीच्या मंडळात ते कुणी लिहून घेत नाही. त्याला बाजूला घेऊन ‘बाळा, यातला पी आणि एस म्हणायचे नसतात, फ्रेंच शब्द आहे तो’ एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. उच्चार चुकणं हा फार तर व्हीनिअल अपराध. चारचौघांत त्यावर हसण्याचा मात्र त्या सदरात समावेश करायला मी तयार नाही, भले हसणाऱ्याचा उच्चार कितीही शुद्ध असो.